तुटलं तिथून

कामाच्या पहिल्याच दिवशी मेहेर मला यंत्राची पाठ दाखवत होते. "मॅडम, मागं ही दोन भोकं आहेत. त्यातलं डावीकडचं जे आहे, ते..." एवढं म्हणाले आणि दिवे गेले. वसई पूर्वेच्या आमच्या औद्योगिक वसाहतीत दिवे गेले की जनरेटर असलेले गाळे घरघरायला लागायचे आणि नसलेले घरी जायचे. आमचा गाळा नसलेल्यांतला. मेहेरांनी अंधारात उजव्या हाताचं एक बोट वर केलं, दुसऱ्या हातानं डबा उचलला आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पर्स खुंटीला अडकवत होते, तोच मागून आवाज आला, "बाहेरच्या फोनसाठी. आणि उजवीकडचं ऑफिसातल्या वायरीसाठी."

नमस्कार नाही, चमत्कार नाही. मी आधी इकडे तिकडे पाहिलं, हे कोणाशी बोलतायत म्हणून. मग ध्यानात आलं की कालचं वाक्य पुरं झालं. पुढे या सवयीचा मला इतका सराव झाला की मेहेर रजेवर गेले तरी त्यांचं अर्धं वाक्य मी मनात जपून ठेवायचे. ते आल्यावर उरलेलं अर्धं मिळणार याची खात्री असायची, आणि ते मिळायचंच. माणसं उसने घेतलेले छत्री-डबे विसरतात; मेहेर स्वतःचं वाक्य कधी विसरले नाहीत.

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. आमचे मालक साठेसाहेब यांनी "बॅगेत मावणारा कॉम्प्युटर" बनवायला घेतला होता. बॅग कुठली, ते साहेब सांगत नसत. यंत्र शिवणयंत्राएवढं जड होतं, त्याला वर मूठ होती आणि समोर वहीच्या पानाएवढा पिवळट पडदा. पण तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे थंडगार खोलीत चपला बाहेर काढून बघायची वस्तू होती, त्यामुळे तो मुठीत धरून जिन्यावरून उतरवता येतो याचंच केवढं अप्रूप! मी विरारच्या मनवेलपाड्यातून यायचे. माझं काम यंत्राबरोबर द्यायची माहितीपुस्तिका लिहिण्याचं. मेहेरांचं काम ते यंत्र बाकीच्या जगाशी जोडण्याचं. वायर कुठली, कार्ड कुठलं, फोनवरून आकडे कसे पाठवायचे, पलीकडच्या यंत्रानं ते कसे घ्यायचे, हा सगळा बेत त्यांचा.

मेहेर अर्नाळ्याचे, मासेमारीच्या घरातले. भाऊ होड्या बघायचा, आई मासळीचा व्यापार. हे एकटे शिकून इकडे वळलेले. उंची बेताची, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पेनाच्या जागी टेस्टर. आवाज मात्र वाऱ्यावर बोलायची सवय असलेल्या माणसाचा. गाळ्यात ते "जरा पक्कड द्या" म्हणाले की शेजारच्या गाळ्यातला माणूस पक्कड घेऊन यायचा. एरवी भाषा ऑफिसची, पण खूश झाले किंवा चिडले की घरची भाषा वर यायची आणि पाण्याचं "पानी" व्हायचं. ते "पानी" आलं की साठेसाहेब सावध व्हायचे, कारण चिडलेत की खूश आहेत ते पुढच्या वाक्यापर्यंत कळत नसे.

आत्मविश्वास म्हणाल तर ओसंडून वाहायचा. "होईल का हो मेहेर?" असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "होणार. कसं ते आता ठरवू." माझ्यासारखीला, जी गॅस बंद केला का ते बघायला अर्ध्या वाटेतून परत जायची, हा माणूस आधी उद्धट वाटला आणि मग औषधासारखा लागू पडला.

सुरुवातीचे कितीतरी दिवस त्यांनी पक्कड हातात घेतलीच नाही. नुसते प्रश्न विचारत हिंडायचे. हे यंत्र उतरणार कुठे? टेबलावर की गादीवर? त्या घरात झाडू कोण मारतं? झाडूचा प्रश्न ऐकून मला हसू आलं. पण आमच्याच गाळ्यात सगळे कॉम्प्युटर एका वायरीत ओवलेले होते, आणि केर काढताना एक जोड सैल झाला की सगळेच्या सगळे मुके व्हायचे. मेहेरांनी त्यावर कोणाला रागावण्याऐवजी वायर कमरेच्या वर चढवली आणि नियम करून टाकला: जिथं झाडू पोचतो तिथं वायर नाही. मी तो पुस्तिकेत जसाच्या तसा घातला. साठेसाहेबांनी "हे काय घरगुती लिहिलंय" म्हणून खोडला. मी तो परत घातला.

मग जोड निवडायची वेळ आली. आमच्या हवेत खारेपणा इतका की कुलपं सुद्धा चार-सहा महिन्यांत गंजतात. तीन ठिकाणचे जोड नमुन्यादाखल आले होते आणि तिन्ही विक्रेते शपथेवर सांगत होते की आमचा गंजत नाही. मेहेरांनी तिन्ही नमुने पिशवीत घातले, घरी नेले आणि बोंबील सुकवायच्या बांबूच्या मांडवावर बोंबलांच्या रांगेत दोऱ्यानं टांगून ठेवले. समुद्राचा वारा, ऊन, दव, सगळं फुकट. काही आठवड्यांनी ते काढून आणले. दोन हिरवे पडले होते, एक जसाच्या तसा. तो पास.

"पण मेहेर, याला वास येतोय," साठेसाहेब रुमाल नाकाला लावत म्हणाले. साहेब अंडंसुद्धा न खाणारे.

"वास वायरीतून जात नाही, साहेब," मेहेर म्हणाले.

आमच्या पहिल्या यंत्रांत जे जोड लागले ते त्याच जातीचे. पुढे गिऱ्हाइकांच्या नाना तक्रारी आल्या, पण जोड गंजल्याची एकही आली नाही.

खरा तंटा झाला तो फोनवरून. एक बियाणे कंपनी आमची यंत्रं घेणार होती. त्यांचे विक्रेते गावोगाव हिंडायचे आणि संध्याकाळी जिथे फोन मिळेल तिथून दिवसभराच्या मागण्या मुख्य ऑफिसला पाठवायच्या, अशी कल्पना. साठेसाहेबांच्या मते त्यात अवघड काही नव्हतं. फोन लागला की आकडे गेले, दोन मिनिटांचं काम. मेहेरांनी मात्र रजा टाकली आणि चिंचोटीच्या पलीकडे कामणला एका किराणा दुकानात, फोनच्या शेजारी, अख्खी दुपार बसून काढली. परत आले ते थेट माझ्या टेबलाशी.

"मॅडम, लिहून घ्या. फोन कुनाच्या एकट्याचा नसतो."

दुकानात खाली एक फोन, वर घरात त्याच लाइनीवर दुसरा. खाली कोणी बोलत असलं तरी वरची मंडळी उचलून "हॅलो, हॅलो" करणार. माणूस बोलत असेल तर काही बिघडत नाही, तो "ठेवा हो" म्हणतो आणि पुढे बोलतो. पण यंत्र फोनवरून शिट्ट्यांनी बोलतं, आणि मध्ये कोणी उचललं की त्याचं बोलणं तुटतं. तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा कोणी उचललं की पुन्हा पहिल्यापासून. तो विक्रेता बिचारा रात्रभर दुकानात बसेल!

यावर मेहेरांनी जे योजलं, त्याला ते "खूण" म्हणायचे. सगळे आकडे एकदम न पाठवता थोडेथोडे पाठवायचे. प्रत्येक घासाला पलीकडच्या यंत्रानं "पोचलं" म्हणायचं आणि आपल्या यंत्रानं तिथे खूण करून ठेवायची. मध्ये तुटलं तर आपोआप पुन्हा फोन लावायचा आणि खुणेपासून पुढे निघायचं. त्यांनी मला हे समजावून सांगितलं तेव्हा मी त्यांच्या बोटाकडे बघून हसले. त्यांना कळलं नाही मी का हसतेय ते. आपण जन्मभर जे करतो तेच यंत्राला शिकवतोय, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

अडचण जागेची होती. सगळं सॉफ्टवेअर एका चिपमध्ये बसवायचं, आणि चिपा एकदा भरल्या की त्यात बदल नाही. साठेसाहेबांना यंत्र चालू होताना पडद्यावर कंपनीचं चित्र आणि बारीकशी धून हवी होती. चित्र, धून आणि खूण, तिन्ही मावत नव्हतं.

"मेहेर, गिऱ्हाईक आधी काय बघतं?" साहेबांनी विचारलं.

"चित्र," मेहेर म्हणाले.

"मग?"

"मग तुटतं साहेब, आनि ते शिव्या बघतं."

साहेबांचा चेहरा पडला, पण निर्णय फिरला नाही. बियाणे कंपनीचे साहेब नमुना बघायला येणार होते. तेवढं पार पडलं की चिपा भरायला जाणार, आणि त्यात चित्र असणार, खूण नाही. नमुन्याच्या यंत्रात आज जे आहे ते राहू दे, पुढे काढून टाका, असं साहेबांनी सांगितलं. एवढ्या महिन्यांचा बेत, कामणची दुपार, सगळं एका धुनेपायी वाया जाणार होतं. मेहेर टेस्टर खिशात घालून आपल्या जागेवर जाऊन बसले. मला वाईट वाटत होतं आणि त्याहून राग येत होता, त्यांचा सुद्धा. एरवी पक्कड मागतानाही गाळा दणाणून सोडणारा माणूस, आता गप्प का?

बियाणे कंपनीचे साहेब आले आणि म्हणाले, आमची माणसं खेड्यात असतात, मला खेड्यातल्या फोनवरून दाखवा. साठेसाहेब गडबडले. मेहेर लगेच म्हणाले, "अर्नाळ्याला आमच्या घरी चला. मासळीच्या धंद्यासाठी फोन घेतलाय." ठरलं. पलीकडचं यंत्र गाळ्यात एकाला बसवून चालू ठेवलं आणि आम्ही चौघे, म्हणजे दोन साहेब, मेहेर आणि मी, गाडीत बसून अर्नाळ्याला.

घर समुद्राकडे तोंड करून. पुढच्या खोलीत फोन, आणि त्याच लाइनीवरचा दुसरा मागे बर्फाच्या शेडमध्ये. मेहेरांच्या आईने आम्हाला पाणी आणि सरबत दिलं. ठसठशीत बाई, कानात सोनं, अंबाड्यात अबोलीचा गजरा, नजर थेट. बियाण्याच्या साहेबांना तिने वरपासून खालपर्यंत बघितलं, ताजी मासळी बघावी तसं, आणि मागे निघून गेली.

मेहेर मागची वायर बघून आले आणि त्यांनी यंत्राला फोन जोडला. शिट्ट्या वाजल्या. पडद्यावर एक पट्टी डावीकडून उजवीकडे सरकायला लागली. साठेसाहेब कंपनीबद्दल बोलत होते. पट्टी अर्ध्यावर आली आणि यंत्राच्या बारीक भोंग्यातून, शिट्ट्यांच्या मध्येच, एक दणकट आवाज खोलीत आला.

"कोन हाय रं लाइनीवर? मना दादरचा भाव इचाराचा हाय! यो कसला आवाज, कोंबरी कापतंस का काय?"

पट्टी थांबली. शिट्ट्या बंद. साठेसाहेबांचा चेहरा खडूसारखा झाला.

"आय! फोन ठेव!" मेहेर ओरडले. इतक्या जोरात, की दारातल्या कावळ्यांनी पळ काढला.

"ठेवते रं! वरडतंस कशाला? फोन काय तुज्या एकट्याचा हाय?" मागून थेट आवाज आला, आता फोनची गरज न लागता.

"अडाणी माणसं, काय करणार," साठेसाहेब बियाण्याच्या साहेबांना पुटपुटले. "आपण पुन्हा पहिल्यापासून..."

पण तोवर यंत्रानं आपण होऊन फोन फिरवला होता. परत शिट्ट्या. पडद्यावरची पट्टी अर्ध्यावर होती तिथूनच हलली आणि शांतपणे उजव्या टोकाला जाऊन पोचली. बियाण्याचे साहेब खुर्चीत पुढे सरकले. "पहिल्यापासून नाही?"

"नाही साहेब. खूण आहे," मेहेर म्हणाले.

त्या साहेबांनी गाळ्यात फोन लावून आकडे पडताळले. सगळे बरोबर. मग ते मोठ्यानं हसले. "अहो, आमच्या माणसांच्या नशिबात रोज हेच आहे! हे असेल तरच घेतो." साठेसाहेबांनी एक क्षण मेहेरांकडे बघितलं आणि म्हणाले, "अर्थात! ते तर आम्ही पहिल्यापासून धरलंय." मला भयंकर हसू येत होतं म्हणून मी सरबताचा ग्लास तोंडाला लावला. निघताना मेहेरांची आई दाराशी आली नाही. मला वाटलं, मुलगा चारचौघांत ओरडला म्हणून रुसली असेल.

चिपा भरल्या त्या खुणेसकट. चित्राची जागा गेली, धूनही गेली. ती यंत्रं काही वर्षं गावोगाव हिंडली. आणि मी ही गोष्ट ज्याला त्याला सांगत राहिले, की बघा, नशीब कसं असतं, एका आईने ऐन वेळी फोन उचलला आणि लेकाचं काम वाचलं.

पुढे बाहेरून आलेले हलके, सुबक लॅपटॉप स्वस्त झाले आणि आमचं शिवणयंत्र कोणी घेईना. साठेसाहेबांनी गाळा बंद करायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी मेहेर कमरेवरची वायर उतरवत होते. गुंडाळी करता करता म्हणाले, "मॅडम, तुम्ही सगळ्यांना सांगता ना, त्या दिवशी आयनं जो फोन उचलला, तो..." आणि बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न लावला. मेहेरांनी बोट वर केलं आणि सामान चढवायला गेले. टेम्पोत जागा करता करता तेही आत चढले आणि टेम्पो निघाला. मी दारात उभी होते. मी वाट पाहिली. नंतर कळलं की ते मस्कतला गेले, बंदरात कॉम्प्युटरचं जाळं उभारायच्या कामावर.

वर्षं गेली. मी दुसरीकडे नोकरी केली, केस पिकले, मोबाइल आले. मनवेलपाड्यात घराघरात फोन झाले आणि "जरा शेजारच्यांना बोलावता का" हे वाक्य ऐकू येईनासं झालं. एकदा एका लग्नाला अर्नाळ्याला जायचं होतं म्हणून विरार पश्चिमेच्या बसथांब्यावर उभी होते. समोरून पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आला. डोक्यावरचे केस गेले होते, खिशात टेस्टर होता. मला बघून थबकले. बोट वर केलं, आणि मग खाली केलं.

"मीच उचलायला सांगितला होता."

मला कळायला एक क्षण लागला. मग तो गाळा, ती वायरीची गुंडाळी, टेम्पोचा हॉर्न, सगळं जागच्या जागी आलं आणि मी तिथेच, रस्त्यात, मोठ्यानं हसले. डोळ्यांत पाणीही आलं.

"तुम्ही? आईंना?"

"मग! साहेब खूण काढनार होते. तुटलं नसतं तर ती आहे हे कोनाला कळलं असतं? वायर बघायला म्हनून मागं गेलो आनि आयला म्हटलं, शिट्ट्या सुरू झाल्या की जरा थांब, मग उचल आनि ठेव. बस. ते दादरचा भाव आनि कोंबडी, ते तिनं पदरचं घातलं." त्यांचा आवाज असा, की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "आनि मी ओरडलो तेव्हा मला परत ओरडली ते पन पदरचं. तेवढं मी शिकवलं नव्हतं."

"आणि साठेसाहेब अडाणी म्हणाले ते?"

"ऐकलं तिनं. आत जाऊन इतकी हसली की बाहेर येता येईना. म्हनून दाराशी आली नाही."

म्हणजे रुसवा नव्हताच. एवढी वर्षं मी त्या बाईचा रुसवा मनात धरून बसले होते.

"पण मेहेर," मी म्हटलं, "त्या दिवशी पट्टी अर्ध्यावर अडकूनच राहिली असती तर? गिऱ्हाईक गेलं असतं, तुमची नोकरी गेली असती."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी जिथं झाडू पोचतो तिथं वायर टाकली. "साहेबांच्या समोर तुटून परत धरलं नसतं, तर ती खूण चिपमध्ये जायच्या लायकीची नव्हती, मॅडम. मग चित्रच बरं होतं."

मी आईंची चौकशी केली. त्या गेल्याला चार-पाच वर्षं झाली होती. शेवटी अंथरुणावर होत्या, कोणाला ओळखायच्या, कोणाला नाही. मेहेर तेव्हा मस्कतहून कायमचे परत आले होते आणि उशाशी बसून असायचे.

"घरात फोन वाजला की डोळे उघडायची," मेहेर म्हणाले. आता आवाज पहिल्यांदा खाली आला होता. "आनि मला हळूच इचारायची, आता उचलू का रं?"

मग मी म्हटलं, "तुम्ही काय म्हणायचात?"

"मी म्हनायचो, आय..."

अर्नाळ्याची बस आली. ती माझीही बस होती, पण दाराशी अशी झुंबड उडाली की मी मागे राहिले. मेहेर लोंढ्याबरोबर आत ओढले गेले. कंडक्टरनं घंटी मारली, बस हलली. मला वाटलं ते खिडकीतून हात हलवतील. पण खिडकीत दिसलं ते फक्त बोट, सरळ वर धरलेलं. बस वळणापर्यंत गेली, वळली, आणि तोवर ते एकदाही खाली आलं नाही.